दोन मेडिकल कॉलेजं आणि १६ लाखांचा फरक

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, पत्नी शिक्षिका. दोघांचं मिळून वर्षाला १४ लाख उत्पन्न. मुलीला नीटच्या मार्कांवर दोन खासगी कॉलेजांत एमबीबीएसला प्रवेश मिळेल असं दिसतंय. पुण्याकडच्या कॉलेजची फी वर्षाला १२.४० लाख, हॉस्टेल-मेस २.१० लाख. नाशिककडच्याची फी ९.६० लाख, हॉस्टेल-मेस १.५० लाख. बाकी दोन्ही सारखीच वाटतात. ठेवी ३० लाखांच्या आहेत. पै-पाहुणे म्हणतात, पुणंच बरं. त्यासाठी करवीर तालुक्यातली ३० गुंठे उसाची जमीन विकावी का?

उत्तर : जमीन विकू नका. आणि पुण्याकडच्या हॉस्पिटलात पेशंट खरोखरच जास्त आहेत असं स्वतः पाहिल्याशिवाय पुणं घेऊ नका.

दोन्ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. अभ्यासक्रम एक, पेपर एक, पदवी एक. पुढे एमडी-एमएसला नीट-पीजीचा रँक बघतात, एमबीबीएस कुठल्या गावात केलं ते नाही.

आता हिशेब. फी साडेचार वर्षांची, राहणं-खाणं इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. पुण्याकडे ६७.३५ लाख, नाशिककडे ५१.४५ लाख. फरक जवळजवळ १६ लाखांचा. नाशिक लांब, त्यामुळे येण्या-जाण्याचा खर्च थोडा वाढेल, पण त्याने हा फरक भरून निघत नाही. मात्र फी साडेचार वर्षांचीच घेणार की पाच, हे दोन्ही कॉलेजांकडून लेखी घ्या. नाशिककरांनी पाच वर्षांची मागितली तर तिथेच ४.८० लाख वाढतात.

ठेवींतले पाच लाख घरासाठी आणि वर्कशॉपच्या अडीनडीला बाजूला ठेवा. ऑर्डर थांबल्या तरी कामगारांचा पगार थांबत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. उरले २५ लाख. म्हणजे नाशिकसाठी कर्ज साधारण साडेसव्वीस लाख, पुण्यासाठी सव्वाबेचाळीस. मधल्या १६ लाखांवर १० टक्क्यांनी, १० वर्षांसाठी हप्ता बसतो महिना २१ हजारांच्या पुढे, आणि फेड होते सुमारे २५ लाखांची. शिकताना साठणारं व्याज यात धरलेलं नाही.

मला खरी काळजी आहे ती हा हप्ता कधी सुरू होतो याची. बँका साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्ष थांबतात. नेमकी तेव्हा तुमची लेक पीजीची तयारी करत असेल किंवा पीजीच्या पहिल्या वर्षात विद्यावेतनावर असेल. कमाईचा डॉक्टर व्हायला अजून तीन वर्षं असतील. हप्ता पडणार तुमच्यावर, आणि तुम्ही तेव्हा बहुधा पंचावन्नच्या आसपास असाल. त्यात पीजीची सीट खासगीत घ्यावी लागली तर पुन्हा पैसा उभा करावा लागेल. आज १६ लाखांचं कर्ज टाळलंत, तर त्या वेळी बँकेच्या दारात उभं राहायला जागा राहील. जमीन तेव्हाही हाताशी असेल. आज विकलीत, तर तेव्हा विकायला काही उरणार नाही.

कर्जाबद्दल थोडं. मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत बऱ्याच बँका देतात, ती मागून घ्या. तारण म्हणून शेतजमीन सहसा चालत नाही; घर किंवा एफडी चालते. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहिलात तर पुढचा बोजा हलका होतो. व्याजावरची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तेवढ्यासाठी प्रणाली बदलू नका; आधी सीएंना दोन्ही आकडे काढायला सांगा.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी : कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधली असेल आणि प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, फेरीतून झाला असेल, तर २०२४-२५ पासून राज्य सरकार शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत देतं. अभिमत विद्यापीठांना आणि मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. अशा घरात हा सगळा हिशेबच बदलतो, तेव्हा उत्पन्नाचा दाखला आधी काढा. तुमचं उत्पन्न त्यात बसत नाही.

आता पेशंटचा मुद्दा. याच एका कारणासाठी जास्त पैसे मोजलेले मला पटतील. डॉक्टर घडतो वॉर्डात. फॉर्म भरण्याआधी मुलीला घेऊन दोन्हीकडे जा, सोमवारी सकाळी दहाला. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर कशी रांग असते ते तुम्ही पाहिलंय. तिथे तशी आहे का बघा. मेडिसिन आणि प्रसूती वॉर्डात किती खाटांवर खरे पेशंट आहेत ते मोजा. कँटीनमध्ये एखाद्या इंटर्नला विचारा, स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस, किती टाके घातलेस. माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा त्या पोराचं उत्तर जास्त खरं असेल.

नाशिककडचे वॉर्ड ओस दिसले तर पुण्याला वर टाका आणि कर्ज वाढवा, जमीन तरीही ठेवा. दोन्हीकडे गर्दी सारखीच असेल तर प्रेफरन्स फॉर्ममध्ये नाशिक वर, पुणं त्याखाली. पाहुण्यांना हप्त्याचा आकडा दाखवा.