पॉइंट पस्तीस की पॉइंट चार?

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की पालकांचे तेच ते प्रश्न येतात. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते.

१ ही मूळ संख्या का नाही?

मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, १ ला एकच आहे. ती संयुक्तही नाही.

१ ते १०० मध्ये ५ हा अंक १९ वेळा येतो की २० वेळा?

२० वेळा. एककस्थानी दहा, दशकस्थानी दहा. ‘५ हा अंक असलेल्या संख्या किती?’ असं विचारलं तर मात्र १९, कारण ५५ एकदाच मोजायची. मुलांना प्रश्न दोनदा वाचायला लावा.

क्लासमध्ये सांगितलं, ६ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवला किंवा वजा केला की मूळ संख्या मिळते. खरं का?

नाही. २५, ३५, ४९, ९१ तपासा, चारही फसतात. खरं आहे ते उलट: ३ च्या पुढची प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पाढ्याच्या एक मागे किंवा एक पुढे असते. अर्धवट नियम ‘ट्रिक’ म्हणून फी घेऊन विकतात, याची मला चीड येते. १०० पर्यंतच्या संख्येला २, ३, ५, ७ ने भाग जातो का, एवढंच पाहायचं. ९१ म्हणजे ७ गुणिले १३. इरॅटोस्थेनिसच्या चाळणीने, म्हणजे २, ३, ५, ७ ठेवून त्यांच्या पाढ्यातल्या पुढच्या संख्या खोडत, मुलाला स्वतःच्या हाताने १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या काढू द्या. क्लास लावण्याआधी शाळेतल्या गणिताच्या बाईंशी बोला.

मुलगा पाचवीत आहे. ०.३५ ही ०.४ पेक्षा मोठी लिहितो. घाईमुळे होत असेल, पुढच्या वर्षी सुधारेल ना?

नाही सुधारणार, आणि ही घाईही नाही. तो ३५ आणि ४ ची तुलना करतोय, कारण घरीदारी आपण सगळे ‘पॉइंट पस्तीस’ म्हणतो. चिन्हानंतरचे अंक सुटे वाचा: शून्य दशांश चिन्ह तीन पाच. नाहीतर पस्तीस शतांश म्हणा. चार दशांश म्हणजे चाळीस शतांश, हे मग कानालाच कळतं. मीटरची टेप उलगडा, ४० वर आणि ३५ वर त्याचं बोट ठेवा. ‘शेवटी शून्य लावून टाक’ हे त्यानंतर सांगायचं, आधी नाही. ‘अंक जास्त तर संख्या लहान’ हा ऐकीव नियम तर शिकवूच नका, ०.४५ आणि ०.४ ला तो लगेच मोडतो. क्रिकेटमधली ४.५ षटकं उदाहरणाला घेऊ नका; तिथे ५ म्हणजे पाच चेंडू, साडेचार षटकं नव्हेत.

एका शाळेच्या क्रीडादिनी लांब उडीचा निकाल फळ्यावर पाहिला होता: ३.३५ पहिली, ३.४ दुसरी. पाच सेंटिमीटरने जिंकलेली मुलगी दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर उभी होती. निकाल मोठ्या माणसांनीच लावला होता. म्हणून म्हणते, वर्षभर थांबू नका. याच आठवड्यात वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा.

मुलगी तिसरीत, २१ ऐवजी १२ लिहिते. ॲबॅकस लावू का?

आत्ता नको. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एक आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी येतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं ते याच अडचणीपायी. ‘वीस आणि एक’ असं म्हणत लिहून घ्या. ६ आणि ९ सुद्धा उलटे होत असतील तर डोळे तपासून घ्या आणि बाईंमार्फत समुपदेशकांना दाखवा.