इंदूरला नेहरू स्टेडियम असताना क्रिकेटचे सामने होळकर स्टेडियमवर का होतात?

मालकीचा फरक. नेहरू स्टेडियम महापालिकेचं. तिथे मतमोजणीही होते. रेसकोर्स रोडवरचं होळकर स्टेडियम मध्य प्रदेश क्रिकेट असोसिएशनचं. जागा मुळात होळकर संस्थानाची. उषाराजे ट्रस्टचं नाव जाऊन 2010 मध्ये 'होळकर' लागलं. योग्यच झालं, कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकलीय.

नेहरू स्टेडियमची बदनामी मात्र खेळपट्टीने केली. 25 डिसेंबर 1997, समोर श्रीलंका. चेंडू असा वेडावाकडा उसळायला लागला की तीन षटकांतच सामना रद्द! तरी 2001 मध्ये सचिनच्या वनडेतल्या दहा हजार धावा तिथेच पूर्ण झाल्या, हे लोक विसरतात. 2006 पासून वनडे होळकरवर आले.

आता तिथली निगा चोख असते असं म्हणावं, तर मार्च 2023 ची ऑस्ट्रेलिया कसोटी आठवते. पाचव्याच चेंडूला पृष्ठभाग फुटला, पहिल्या दिवशी 14 बळी, तिसऱ्या दिवशी खेळ खल्लास. आयसीसीने आधी 'खराब' शेरा आणि तीन डिमेरिट गुण (मैदानाला लागणारे दंडाचे गुण) दिले, बीसीसीआयच्या अपिलानंतर एकावर आणले. एरवी हीच खेळपट्टी फलंदाजांचं माहेर. सेहवागचे वनडेतले 219 इथलेच. सीमारेषा जवळ, त्यामुळे गोलंदाजांचे हालच.