डोमेनचा सातबारा कोणाच्या नावावर?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये संकेतस्थळांच्या नावांविषयीचे, म्हणजेच डोमेनविषयीचे, प्रश्न इतके होते की, हे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे. पत्रलेखकांची व त्यांच्या व्यवसायांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : कोल्हापूर येथे आमचा मसाल्यांचा कौटुंबिक व्यवसाय आहे. २०१६ साली संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या एका परिचित तरुणाने आमच्या नावाचे डॉट कॉम डोमेन घेतले. त्याचे पैसे दरवर्षी आम्हीच देत आलो. आता काम दुसऱ्याकडे सोपवायचे ठरवल्यावर, डोमेन त्याच्या नावावर असल्याचे सांगून तो दीड लाख रुपये मागत आहे. नाव आमचे, पैसे आमचे. मग डोमेन त्याचे कसे?

उत्तर : डोमेन, होस्टिंग आणि संकेतस्थळ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुकानाची पाटी, भाड्याचा गाळा आणि आतले फर्निचर एकाच माणसाने लावून दिले, म्हणून त्या तिन्हींचे हक्क एकच ठरत नाहीत. त्यात डोमेन तर कोणीच कायमचे विकत घेत नाही. ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, ते वापरण्याचा हक्क मिळतो आणि तो हक्क नोंदणीधारक म्हणून ज्याचे नाव लिहिलेले असते त्याचा. सातबाऱ्यावरचे नाव हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, असे जमिनीचे वकील सांगतात. तरीही तलाठी ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याच्याशीच बोलतो. डोमेन नोंदवणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार, याच पद्धतीने वागते. पैसे कोणाच्या खिशातून आले, हे ती विचारत नाही.

म्हणून प्रथम नोंद नेमकी कोणाच्या नावे आहे, ते पाहावे. संस्थेच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून केवळ व्यक्तीचे नाव भरलेले असेल, तर धारक ती व्यक्ती मानली जाते. आजकाल ही माहिती सार्वजनिक शोधात बहुधा झाकलेली असते. त्यामुळे जुनी बिले, नूतनीकरणाचे ईमेल आणि त्या तरुणाशी झालेला पत्रव्यवहार तपासावा लागेल. हे कागद पुढे न्यायालयात दाखल करायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा ईमेल केवळ छापून ठेवू नयेत; मूळ खात्यात जपून ठेवावेत.

डॉट कॉमसाठी आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये लागू केलेली यूडीआरपी ही तंटा-निवारण पद्धत आहे. मात्र आपल्या प्रकरणात तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. तिच्यात डोमेन घेतानाही अप्रामाणिक हेतू होता आणि वापरतानाही आहे, असे दोन्ही सिद्ध करावे लागते. आपल्या सांगण्यावरून, आपल्याच कामासाठी २०१६ साली घेतलेल्या नावात त्या वेळचा दुर्हेतू दाखवणे अवघड आहे, आणि ग्राहक व कंत्राटदार यांच्यातील वाद हा मूलतः कराराचा वाद आहे, असे म्हणून तक्रार फेटाळली जाण्याचा संभव राहतो. न्यायालयाचा मार्ग त्यापेक्षा भक्कम आहे. भारतात डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. परंतु सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे ठरवले की, डोमेनला व्यापारचिन्हाची सर्व लक्षणे असू शकतात आणि ‘पासिंग ऑफ’चे, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवण्याविरुद्धचे, तत्त्व त्याला लागू पडते. त्याआधी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या नावात एकच अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनविरुद्ध मनाई हुकूम देताना, डोमेन हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, असे म्हटले होते.

आपल्या मसाल्याच्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झालेली असल्यास आणखी एक सोय मिळते. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १३४ नुसार नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा आपला व्यवसाय जेथे चालतो तेथील जिल्हा न्यायालयात लावता येतो. निव्वळ पासिंग ऑफच्या दाव्याला ही सवलत नाही. नोंदणी नसेल तर अर्ज आजच करावा. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते.

इतके सांगूनही व्यवहाराची गोष्ट बोलतो. वकिलाच्या नोटिशीनंतर दीड लाखांचा आकडा बराच खाली येईल. तो दाव्याच्या खर्चाहून कमी झाला, तर लेखी करार करून मिटवण्यात कमीपणा नाही. फक्त डोमेन कंपनीच्या खात्यात आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

प्रश्न : आमच्या पुण्यातील कंपनीकडे डॉट कॉम आहे. त्याच नावाचे डॉट इन कोणा अनोळखी व्यक्तीने घेतले असून तेथे केवळ ‘विक्रीसाठी उपलब्ध’ अशी पाटी दिसते. आमचा ट्रेडमार्क २०१२ पासून नोंदणीकृत आहे. आम्ही किंमत विचारावी का?

उत्तर : तूर्त विचारू नये. आपण होऊन देऊ केलेली किंमत समोरच्याने स्वीकारली, तर त्यात त्याचा दुर्हेतू फारसा दिसत नाही. त्याने होऊन, नोंदणीखर्चाच्या कितीतरी पट रक्कम ट्रेडमार्कच्या धारकाकडे लेखी मागितली, तर तोच आपला उत्तम पुरावा ठरतो. त्या पाटीचे तारखेसह चित्र घेऊन ठेवावे.

डॉट इनचे व्यवस्थापन २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेकडे आहे आणि तिची आयएनडीआरपी ही तंटा-निवारण पद्धत आपल्यासारख्यांना यूडीआरपीहून सोयीची आहे. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या असतात : नाव आपल्या चिन्हाशी तंतोतंत किंवा फसगत व्हावी इतके जुळते, धारकाला त्या नावावर कोणताही रास्त हक्क नाही, आणि नाव दुर्हेतूने नोंदवले आहे किंवा तसे वापरले जात आहे. यूडीआरपीत या तिसऱ्या अटीत ‘आणि’ आहे, येथे ‘किंवा’ आहे. त्या एका शब्दावर प्रकरणे फिरतात. निक्सी एक लवाद नेमते, कामकाज लवाद व सलोखा कायदा, १९९६ खाली चालते आणि निवाडा नाव रद्द करण्याचा किंवा आपल्याकडे वर्ग करण्याचा असतो. नुकसानभरपाई हवी असेल तर मात्र न्यायालयातच जावे लागेल. माझ्या मते आपल्याला तिची गरज नाही. समोर केवळ पाटी आहे, विकलेला माल नाही.

तक्रारीपूर्वी एक तारीख अवश्य ताडून पाहावी. ते डॉट इन २०१२ च्या आधीचे असेल, तर आपला पाया बराच डळमळीत होतो; त्या स्थितीत चिन्हाचा नोंदणीपूर्व वापर सिद्ध करणाऱ्या पावत्या व जाहिराती शोधाव्या लागतील.

प्रश्न : डोमेनची मुदत संपून १२ दिवस झाले आहेत. कर्मचारी नोकरी सोडून गेल्याने सूचना कोणाला कळल्याच नाहीत. नाव गेले का?

उत्तर : डॉट कॉम असेल तर अद्याप गेलेले नसावे, परंतु हे वाचून होताच रजिस्ट्रारला दूरध्वनी करावा. मुदतीनंतर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. हा काळ ४५ दिवसांपर्यंत असू शकतो. मात्र तेवढा देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. रजिस्ट्रारने नाव वगळल्यावर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. त्यात जबर आकार भरून नाव परत मिळते. त्यानंतरच्या ५ दिवसांत काहीच करता येत नाही आणि मग नाव प्रथम येणाऱ्याचे होते. अशी चूक लहानांच्याच हातून होते असे नाही. १९९९ च्या नाताळच्या सुमारास मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे नूतनीकरण विसरली, हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना खाते उघडता येईना, आणि एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते चालू केले.

आपल्या पत्रातील खरी मेख वेगळीच आहे. रजिस्ट्रारच्या खात्यात आपण त्याच डोमेनवरचा ईमेल दिलेला दिसतो. डोमेन बंद पडले की तो ईमेल बंद पडतो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवाही त्याच बंद पेटीत जाऊन पडतो. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावण्यासारखेच हे आहे. खात्यासाठी वेगळ्या सेवेवरचा, पदनामाने काढलेला ईमेल द्यावा. ओटीपीचा क्रमांक कंपनीच्या नावावरचा असावा. दुपदरी पडताळणी आणि हस्तांतर रोखणारे कुलूप चालू ठेवावे. आणि मुदतीची तारीख लेखापालाच्या वहीत विम्याच्या हप्त्याशेजारी लिहावी. नूतनीकरण एकदम पाच वर्षांचे करता आले तर फारच बरे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेचा संचालक आहे. आमचे संकेतस्थळ आता डॉट बँक डॉट इन या नावावर गेले आहे. जुन्या डॉट कॉमचा खर्च कशाला, असा प्रश्न मंडळात निघाला. तसेच ‘डॉट भारत’मधील मराठी नावही घ्यावे का?

उत्तर : जुने नाव सोडू नये, हे ठरावात लिहून ठेवण्याजोगे आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना डॉट बँक डॉट इनवर जाण्यास सांगितले ते ग्राहकांची फसवणूक थांबावी म्हणून. तेथे आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेमार्फत बँकांनाच नाव मिळते. परंतु ग्राहकांच्या पासबुकांवर, पावत्यांवर आणि बोटांच्या सवयीत जुनेच नाव आहे. आपण ते सोडले आणि भामट्याने उचलले, तर त्याला खोटे नाव शोधण्याचेही कष्ट पडणार नाहीत; शिवाय जुन्या पत्त्यांवर येणारे ईमेलही त्याच्या हाती जातील. वर्षाकाठी हजार-दोन हजारांचा हा खर्च बँकेच्या चहापाण्याहून कमी असावा.

‘डॉट भारत’ देवनागरीत २०१४ पासून उपलब्ध आहे. एक नाव घ्यावे, मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करून. आपल्याकडे फसवणुकीला खरा वाव मराठी नावांच्या रोमन लेखनात आहे : ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू, ‘आ’साठी कोणी एक ए, कोणी दोन, ‘ठ्ठ’चे तर प्रत्येक घरी निराळे लेखन. ग्राहक हमखास लिहितात अशी दोन-तीन रूपे घेऊन ती मुख्य संकेतस्थळाकडे वळवावीत. प्रत्येक शक्य रूप विकत घेण्याच्या मागे लागू नये. त्याला अंत नाही.

प्रश्न : माझ्या आडनावाच्या डोमेनवर माझा छोटा छायाचित्रण व्यवसाय आठ वर्षे चालू आहे. त्याच नावाच्या एका परदेशी कंपनीने यूडीआरपीखाली तक्रार केल्याचा ईमेल आला आहे. नाव सोडून द्यावे का?

उत्तर : घाबरून सोडू नये. ट्रेडमार्क मोठा असला म्हणून डोमेन आपोआप त्याचे होत नाही. अरमानी डॉट कॉम हे नाव कॅनडातील मणी आडनावाच्या एका गृहस्थांनी आपली आद्याक्षरे व आडनाव जोडून घेतले होते. त्या प्रसिद्ध फॅशन कंपनीची तक्रार २००१ मध्ये वायपोच्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, मंडळाने फेटाळली. स्वतःचे आडनाव, आणि वाद निर्माण होण्यापूर्वीपासून चाललेला प्रामाणिक व्यवसाय, हे दोन्ही रास्त हक्काचे आधार आहेत. आडनाव दाखवणारे ओळखपत्र, जुनी बिले, संकेतस्थळाची जुनी पाने हे सर्व जोडावे. तक्रार केवळ नाव हडपण्यासाठी केलेली असल्यास तसे नमूद करण्याची विनंतीही मंडळाला करता येते.

प्रथम तो ईमेल खरोखर वायपोसारख्या मान्यताप्राप्त केंद्राकडूनच आला आहे ना, हे त्या केंद्राच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक पाहून पडताळावे. खरा असल्यास कामकाज सुरू झाल्याच्या तारखेपासून उत्तरासाठी २० दिवस मिळतात. उत्तर न दिल्यास मंडळ तक्रारदाराच्या कागदांवरच निर्णय देते, आणि विरुद्ध निर्णय झाल्यास न्यायालयात दावा दाखल करून हस्तांतर थांबवण्यासाठी कामकाजाचे १० दिवस उरतात. आपल्या पत्रावरील तारीख पाहता त्या २० दिवसांतले बरेच दिवस हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत संपलेले असतील. म्हणून हे उत्तर आपल्याला टपालाने आधीच पाठवले आहे.