पेनल्टी न देऊन तू निःपक्ष झाला नाहीस

अरे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. फुटबॉल मॅचच्या हाफटाइमला कोणीतरी ओरडलं की रेफ्री त्यांच्यातलाच आहे, आणि मग सेकंड हाफमध्ये तुझ्याच धर्माच्या पोराला बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, सरळसरळ पाडलं तरी तू शिट्टी वाजवली नाहीस. वर मला लिहितोस, निदान आता कोणी बोलणार नाही. त्या पोराचं काय चुकलं होतं रे?

रागावत नाहीये, मी पण हे केलंय. सुरुवातीला एका मॅचआधी एकाने माझं नाव नीट दोनदा विचारलं, का विचारलं ते मला कळलं, आणि मग नव्वद मिनिटं मी त्याच्या टीमला सांभाळत बसलो. शेवटी दोन्ही टीम शिव्या घालूनच गेल्या.

ओरडणारे ओरडणारच. 1951 मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या युनिव्हर्सिट्यांची फुटबॉल मॅच झाली (त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल), फार राडा झाला, नंतर दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या पोरांना तीच फिल्म दाखवून फाउल मोजायला लावले, तर डार्टमथच्या पोरांना स्वतःच्या टीमचे जेवढे फाउल दिसले त्याच्या दुप्पटीहून जास्त प्रिन्स्टनवाल्यांना दिसले. फिल्म एकच! तिथे तू एक पेनल्टी गिळून कोणाकोणाचं समाधान करणार?

क्रिकेटने यावर तिसऱ्या देशाचा अंपायर हा उपाय काढला. 1986 ला पाकिस्तान-वेस्ट इंडिज लाहोर टेस्टला व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर उभे राहिले, दोघंही भारतीय, आणि तेही पाकिस्तानात. देशाचं असं जमतं. धर्माचं कसं जमणार, दर मॅचला तिसऱ्या धर्माचा रेफ्री कुठून आणायचा, आणि नास्तिक आणला तरी कोणीतरी म्हणेलच की हा तर देवच मानत नाही.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. 2010 मध्ये स्कॉटलंडमध्ये डंडी युनायटेड विरुद्ध सेल्टिक मॅचला रेफ्रीने सेल्टिकला पेनल्टी दिली आणि मग फिरवली. फिरवली ते बरोबरच होतं. पण का फिरवली हे सेल्टिकच्या मॅनेजरला सांगताना त्याने असिस्टंटचं नाव पुढे केलं, आणि ते खरं नव्हतं. आता सेल्टिक म्हणजे कॅथलिक मुळांचा क्लब, तिथे रेफ्री आपल्या विरोधात आहेत ही भावना जुनी, त्यात हे खोटं बाहेर आलं. असिस्टंटने राजीनामा दिला, पुढे रेफ्रीही गेला, त्याच महिन्यात पोपवरच्या एका ई-मेलच्या भानगडीत रेफ्रींच्या प्रमुखाचं पद गेलं, आणि आमच्या सचोटीवर रोज शंका घेतात म्हणून रेफ्रींनी संप केला तेव्हा मॅचसाठी लक्झेंबर्ग, माल्टा, इस्रायलहून माणसं आणावी लागली. निर्णय बरोबर असून हे सगळं, म्हणून सांगतो, चुकलास तरी चालेल पण कारण खरं सांग.

बाकी रोजचं साधं आहे. गोल झाल्यावर कोणी क्रॉसची खूण करतो, कोणी सजदा करतो, कोणी वर बघून हात जोडतो, तू घड्याळ बघ, उगाच लांबलं तर सगळ्यांनाच सारखं हटक. शर्ट काढला की यलो कार्ड, आत देवाचं नाव असो की बायकोचं. डोक्यावरच्या कापडाला 2014 पासून नियमात जागा आहे, रंग नियमात बसतो का आणि ते सुरक्षित आहे का एवढं बघायचं. रोजा सोडायला थांबायचं असेल तर मॅचआधीच दोन्ही कॅप्टनशी बोलून घे, 2021 मध्ये प्रीमियर लीगला लेस्टर-क्रिस्टल पॅलेस मॅचमध्ये असंच आधी ठरलं होतं आणि गोलकिकच्या वेळी दोन घोट पाणी पिऊन खेळ पुढे चालू झाला, कोणाला काही वाटलं नाही. आणि हो, आपल्या धर्माचा सण आहे म्हणून एका टीमला शुभेच्छा देत बसू नकोस, टॉसला दोघांशी हात मिळव, बास.

तुझा मॅच रिपोर्ट अजून गेला नसेल ना? नसेल गेला तर त्यात लिही की फाउल मला दिसला होता आणि मी दिला नाही. असेसर, म्हणजे आपलं काम तपासणारा, झापेल, झापू दे. मग फोन कर.

तुझा,
सर