वाचकांचे प्रश्न : मानस उघडली म्हणजे नक्की काय उघडलं?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही फोंड्याचे चार मित्र मिळून आयरिश लेखक जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी इंग्रजीत वाचतोय. दोन महिने झाले, अजून पाचव्याच भागात आहोत. पानापानावर लॅटिन, जुनं इंग्रजी, चर्चमधलं काही ना काही. फोनवर अर्थ बघता बघता गोष्ट कुठे होती तेच विसरायला होतं. 'एजनबाइट ऑफ इनविट' असलं काहीतरी येतं, ते तर आमच्या डिक्शनरीत सापडलंच नाही. आम्ही सगळे हिंदू घरातले, आयर्लंडचं आम्हाला काय कळणार? सोडून द्यावी का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : अजिबात सोडू नका. ही कादंबरी वाचायला गोव्यातला माणूस पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा जास्त चांगल्या जागी बसलाय, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलंच पान घ्या. डब्लिनजवळ समुद्राकाठचा बुरूज, दिवस १६ जून १९०४, सकाळची वेळ. एक जण साबणाच्या फेसाचं भांडं घेऊन गच्चीवर येतो, भांड्यावर आरसा आणि वस्तरा एकमेकांवर आडवे ठेवलेत, आणि तो लॅटिनमध्ये म्हणतो, 'इन्त्रोइबो आद आल्तारे देई'. फोन सांगतो की अर्थ 'मी देवाच्या वेदीपाशी जाईन'. बरं, मग? एवढ्यावरून काहीच कळत नाही. जुनं लॅटिन मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू होताना पाद्री हे वाक्य म्हणायचा आणि बाजूला मदतीला उभा असलेला मुलगा पुढची ओळ म्हणायचा, म्हणजे हा गडी दाढीला बसताना मिसाची नक्कल करतोय. आपल्याकडे कुणी न्हाणीत टमरेल हातात धरून मंत्रपुष्पांजली सुरू करावी तसं. गोव्यात मीस कोंकणीत व्हायला लागलं ते साठच्या दशकात, त्यामुळे सत्तरीच्या पुढच्या ज्यांनी लहानपणी चर्चमध्ये पाद्रीला मदत केलीय त्यातल्या कित्येकांना हे वाक्य अजून पाठ असतं. तुमच्या वाड्यावर असं कुणी असेल तर जाऊन बसा त्यांच्याकडे, पुस्तक घेऊनच जा.

माझं स्वतःचं सांगते. तेराव्या भागात संध्याकाळी समुद्रकाठी मुली बसल्यात आणि जवळच्या चर्चमधून प्रार्थना ऐकू येतेय, त्यात मेरीमातेला गूढ गुलाब वगैरे म्हटलंय. मला वाटलं लेखकानेच रचलेली कविता आहे, म्हणून मी त्या शब्दांत कसली कसली प्रतीकं शोधत बसले. मग मे महिन्यात आमच्या वाटेवरच्या खुरसाचं, म्हणजे क्रूसाचं, फेस्त (उत्सव) होतं, शेजारच्या आंटींनी बोलावलं म्हणून गेले, लदीन म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना चालू झाली, आणि एकेक नाव घेऊन सगळे 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणतात त्यात 'रोझा मिस्तिका' आलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. गूढ गुलाब! ती मेरीची नामावळी, आपल्या सहस्रनामासारखी, डब्लिनच्या त्या चर्चमध्ये चाललीय तीच इथे खुरसापुढे लॅटिनमध्येच गायली जाते, नंतर उकडलेले चणे वाटतात. इतकी वर्षं दरवर्षी कानावर पडत होती ती.

आता तुमचा पाचवा भाग. तिथे कादंबरीचा नायक ब्लूम एका चर्चमध्ये शिरून एका बाकावर बसतो. ब्लूमचे वडील मूळचे ज्यू, त्यामुळे हा तिथे बाहेरचाच. पाद्रीच्या झग्यावर पाठीशी असलेली अक्षरं बघून त्याला बायकोने एकदा सांगितलेला अर्थ आठवतो आणि तो चुकीचा असतो, 'आय एन आर आय' या अक्षरांचा तर तो 'आयर्न नेल्स रॅन इन', लोखंडी खिळे आत घुसले, असा अर्थ लावतो. खरी ती लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, 'नाझरेथचा येशू, ज्यूंचा राजा'. गोव्यात कितीतरी खुरसांवर तुम्ही ती बघितली असतील आणि कधी विचारलं नसेल. म्हणजे या कादंबरीचा नायकच तुमच्यासारखा संदर्भ न लागलेला माणूस आहे आणि तरीही तो थांबून बघत राहतो, प्रेमाने बघतो. आपण हिंदू म्हणून कळणार नाही ही भीती इथेच सोडून द्या.

'एजनबाइट ऑफ इनविट' कुठल्याही साध्या डिक्शनरीत नसणारच, ते १३४० सालच्या एका इंग्रजी धर्मग्रंथाचं नाव आहे, फ्रेंचमधून इंग्लंडच्या केंट भागातल्या बोलीत आणलेलं. इनविट म्हणजे आतलं भान, सदसद्विवेक म्हणा, आणि एजनबाइट म्हणजे पुन्हा पुन्हा चावा घेणं. कादंबरीतला दुसरा मुख्य माणूस तरुण स्टीफन, त्याच्या आईने मरताना त्याला गुडघे टेकून प्रार्थना कर म्हटलं आणि तो टेकला नाही, ते त्याला सुटत नाही. याला इंग्रजी वाचकाला तळटीप लागते. आपल्याला लागत नाही, आपण रोज म्हणतो, मन खातंय. समासात एवढंच लिहून ठेवा.

एक सावधगिरी मात्र घ्या. बाराव्या भागात परलोकातला एक आत्मा बोलतो आणि तिथल्या सुखसोयी सांगतो, टालाफाना, आलावाटार, हाटाकालडा, वाटाक्लासाट. आपल्याला लगेच वाटतं संस्कृत, आणि आपण कोश उघडतो. ते टेलिफोन, एलिव्हेटर, गरम-गार पाणी आणि संडास आहे, संस्कृतचा वेष घातलेलं इंग्रजी! तेव्हा डब्लिनमध्ये थिऑसफीवाल्यांचं, म्हणजे पूर्वेकडच्या गूढविद्येच्या पंथाचं, वेड होतं, कर्म, प्रलय असे शब्द फिरत होते, त्यांची ती थट्टा. म्हणून शब्द अडला की आधी मोठ्याने वाचून बघा, तुम्ही चौघं आहात तर आळीपाळीने वाचा.

प्रश्न : गोव्यातल्या लेखकाची एक जुनी मराठी कादंबरी वाचतेय. मराठीच आहे पण कळत नाही. 'बापाने भाट विकलं', 'रात्री मानस राखायला गेला', 'इश्कुद मोजून दिले'. शिवाय मुंडकार, रेंदेर. काय आहे हे? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची अडचण फोंड्याच्या मंडळींपेक्षा अवघड आहे, कारण शब्द ओळखीचे दिसतात म्हणून आपण थांबतच नाही. भाट म्हटलं की तुम्हाला राजाची स्तुती गाणारा दिसणार. गोव्यात भाट म्हणजे माडांची बाग, जमीनजुमला, त्याचा मालक भाटकार, आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. बाप भाट विकतो तेव्हा त्या जमिनीवरच्या मुंडकारांच्या पोटात गोळा येतो, नवा भाटकार राहू देईल की नाही. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा झाला तो १९७५ साली, तुमच्या कादंबरीतल्या माणसांना तो आधार नसणार.

मानस म्हणजे मन नव्हे. खाडीकाठच्या खाजन शेतीला बांध असतो, त्या बांधातलं पाण्याचं दार म्हणजे मानस, भरतीचं खारं पाणी शेतात किती येऊ द्यायचं आणि ओहोटीला किती सोडायचं ते तिथे ठरतं. ओहोटीला तिथे जाळं लावून मासळी पकडतात, त्यामुळे मानस राखणाऱ्याच्या हातात अख्ख्या गावाचं भात आणि मासळी दोन्ही असतं. आता ते वाक्य परत वाचा, कुणी मुद्दाम दार उघडं ठेवलं तर काय होईल ते बघा.

रेंदेर म्हणजे माडाची सूर (माडी) काढणारा, शब्द पोर्तुगीज. इश्कुद हे पोर्तुगीजांचं नाणं, गोव्यात ते रुपियाच्या जागी आलं १९५८-५९ च्या सुमारास, एका रुपियाला ६ इश्कुद. आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. म्हणजे लेखकाने साल लिहिलं नसलं तरी तो प्रसंग कुठल्या दोन-तीन वर्षांतला ते एका शब्दाने सांगितलंय.

प्रश्न : असे शब्द शोधायला गोव्यात कुठे जायचं? – एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : आधी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघ, त्यात गोव्याकडच्या शब्दांना 'गो.' अशी खूण आहे, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापेक्षा इथे तो जास्त कामाला येतो. पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररी आहेच. आपल्याकडचे जे शब्द पोर्तुगीजमध्ये गेले त्यांच्यासाठी आसगावच्या दालगादोंचा मोठा कोश आहे, दोन खंड, १९१९ आणि १९२१ चे, पण तो पोर्तुगीजमध्ये. घरात किंवा शेजारी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव (दुसरी पायरी) झालेले आजोबा असतील तर त्यांच्यासोबत बस. जाताना नुसता शब्द नेऊ नकोस, मागचं-पुढचं वाक्यही कागदावर उतरवून ने, नाहीतर त्यांनाही सांगता येत नाही.