आधी गोष्ट, मग अक्षरं

साडेतीन वर्षांचं मूल पुस्तकापाशी टिकत नाही, यात काळजीचं काहीच नाही. या वयात पाच-सात मिनिटंही पुष्कळ झाली. त्याला गोष्ट वाचून दाखवताना सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- रोजची वेळ ठरलेली असू द्या, शक्यतो झोपण्याआधीची.
- पुस्तक त्यालाच निवडू द्या. तेच ते पुन्हा मागितलं तरी पुन्हा वाचा. ऐकून ऐकून शब्द पक्के होतात, मग पुढचं वाक्य ते स्वतःच म्हणू लागतं. वाचनाची सुरुवात हीच!
- पुस्तकं त्याच्या हाताला येतील अशी खाली ठेवा. पानं फाटतील, चिकटपट्टी लावा, ओरडू नका.

नवे पालक हमखास घाई करतात ती अक्षरओळखीची. गोष्ट रंगात आलेली असताना ‘हे कोणतं अक्षर?’ विचारलं की तिची परीक्षा होऊन जाते. त्यापेक्षा चित्रावर बोट ठेवून विचारा, ‘आता हा काय करेल?’ आणि उत्तरासाठी थांबा. इतर मुलांशी तुलना तर नकोच.

जोडाक्षरं वगैरे नंतर बघू. आज रात्रीच सुरू करा. मूल मध्येच उठून पळालं तरी तुम्ही पान मोठ्याने वाचून संपवा. खेळताना कान इकडे असतात.