आधी मोजणी, मग पुढे

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गुहेतल्या नव्या भुयारात कमरेएवढं पाणी, पुढून प्रवाहाचा आवाज. बाकीचे म्हणतात, आधी टोक गाठू, मोजणी उद्या. आणि तू टेप हातात धरून घुटमळतोयस. घुटमळू नकोस. आधी मोजणी, मग पुढे. ती 'उद्याची' मोजणी होत नाही. पाणी चढतं, मोहिमेचे दिवस सरतात आणि वहीत उरतं 'बरंच पुढे जातं'. ज्या वाटा मी न मोजता सोडल्या, त्या आजही नकाशावर नाहीत. ते मला टोचतं.

चौघं असाल तर एकाने पुढचं स्टेशन, म्हणजे मोजणीचा बिंदू, निवडावं, एकाने वाचन घ्यावं, एकाने लिहावं, चौथ्याने फाटे तपासावेत. दर टप्प्याला लांबी, दिशा, चढ-उतार घ्या. शिवाय स्टेशनपासून डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि तळ. दिशा उलट बाजूनेही वाचा. दोन्ही आकड्यांत 180 अंशांचा फरक हवा. 2 अंशांहून जास्त तफावत आली तर तिथेच पुन्हा घ्या, कारण 2 अंशांची चूक 10 मीटरवर 35 सेंटिमीटर बाजूला सरकते. बहुतेक वेळा दोष हेल्मेटवरच्या बॅटरीचा नाहीतर दोर अडकवायच्या स्टीलच्या कडीचा, कॅरॅबिनरचा, असतो. होकायंत्र त्यांच्यापासून लांब धर. डिस्टोएक्स, म्हणजे लेझरने मोजणारं यंत्र, असलं तरी साधी टेप सोबत ठेव, तुषारांत लेझर फसतं. आणि आकडे सुटे सुटे उच्चार. पाण्याच्या गोंगाटात 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' सारखेच ऐकू येतात. 'पाच-नऊ' म्हण, लिहिणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणावं.

'मोजत बसलो तर गारठू' हा तुझ्या मित्रांचा एकच मुद्दा मला पटतो. पाण्यात उभा माणूस चालणाऱ्यापेक्षा लवकर गारठतो, आणि वही धरणारा सगळ्यांत आधी. म्हणून नियोप्रीन सूट घाला, कामं आलटून पालटून करा. लिहिणाऱ्याचं अक्षर बिघडलं की सगळ्यांनी मागे फिरायचं, तिथे चर्चा नको. पण गारठा हे मोजणी सोडून पुढे धावायचं कारण नाही. तो परत फिरायचा इशारा आहे.

दर स्टेशनवर छताकडे बघ. तिथे फेस चिकटलेला किंवा काटक्या अडकलेल्या असतील तर ते भुयार छतापर्यंत भरतं. पाऊस अंदाजात असेल तर आत पाऊलही टाकू नका. छत पाण्याला टेकलं की तिथे स्टेशन टाका आणि परत या. बुडी मारून पलीकडे बघायचं नाही.

मी हट्टी आहे असं म्हणतात. म्हणू देत. 23 जून 2018 ला थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, पाणी त्यांच्या मागून चढलं. ते कुठे असतील याचा अंदाज बांधायला आधी झालेली मोजणी कामी आली. 2 जुलैला ते सापडले. तुमच्या भुयारात उद्या कुणी अडकलं तर शोधणाऱ्यांच्या हाती काय देणार आहात? सांग तुझ्या मित्रांना.

परत फिरताना शेवटच्या स्टेशनवर ठळक खूण कर. वहीत त्याचा क्रमांक, पाण्याची खोली, वेळ आणि वारा येतो की नाही हे लिही. त्याच रात्री तंबूत आकडे सर्व्हेक्स या गुहा-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भर, चूक असेल तर चौघांच्याही आठवणी अजून ताज्या असतात.